रिकामा कॉलम

सर्व्हर पडला आणि मध्यरात्री फोन आला, की आपण दोन दिवस ते कौतुकाने सांगत फिरतो. निफाडचा माझा मावसभाऊ, दादा, ऑक्टोबरच्या गोडीबार छाटणीपासून काढणीपर्यंत रोजच ऑन-कॉल असतो!

द्राक्षाला ओलं पान हाच शत्रू. फुलोऱ्यात पाऊस लागला की डाऊनी थेट घडात शिरतो, मग गेलेला घड कुठल्याच औषधाने परत येत नाही. म्हणून फवारणी रोग दिसायच्या आधी. मोरचूद-चुन्याचं बोर्डो १८८५ च्या सुमाराचं, फ्रान्सचं, अजून चालतंय. (आपलं कुठलं सॉफ्टवेअर एवढं टिकलंय?) पण काढणी जवळ आली की हात बांधलेले. औषधाचे अंश सापडले तर युरोपात कंटेनर अडतो. थंडीत पारा घसरला तर बागेत शेकोट्या. आणि गारपिटीला तर औषधच नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिने ऐन तयार बागा झोडपल्या.

दादा आता एका प्लॉटवर प्लास्टिकचं आच्छादन टाकायचं म्हणतोय. खर्च लाखांत, डोक्यावर आधीचं कर्ज. मी त्याला एक्सेल शीट करून दिली. "गारपीट किती वर्षांनी?" हा कॉलम रिकामाच राहिला.

दादा म्हणाला, "तो तूच भर की, इंजिनिअर ना तू?"