आपली गंगा समुद्राला मिळते तिथे

आम्ही नाशिकची माणसं गोदावरीला सहसा गोदावरी म्हणत नाही, 'गंगा' म्हणतो. 'गंगेवर जाऊन येते' असं म्हणून पिशवी उचलली की घरात सगळ्यांना कळतं. अशी ही रोजच्या उठण्याबसण्यातली नदी. तिचं पुढे काय होतं, याचा विचार मात्र मी कधी केला नव्हता.

मी एका शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. दरवर्षी फळ्यावर एक त्रिकोण काढायचा आणि सांगायचं, 'नदी समुद्राला मिळते तिथे गाळ साचतो, नदीला फाटे फुटतात आणि त्रिभुज प्रदेश तयार होतो.' गेल्या वर्षी पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, आपल्या गंगेचा त्रिकोण तुम्ही पाहिलाय?" मी नाही म्हटलं. वर्ग हसला, मीही हसले. पण मनाला लागलं खरं.

रात्री जेवताना सहज विषय निघाला. सासूबाई ताट पुढे सारून म्हणाल्या, "मला पण बघायचंय." आम्ही सगळे गप्प. तीन वर्षांपूर्वी मामंजींच्या अस्थी रामकुंडात सोडल्या, तेव्हापासून त्या गंगेवर गेल्या की पाण्याकडे बघत बसायच्या. "ह्यांना कुठवर नेलं तिने, ते एकदा बघून येते," त्या म्हणाल्या. वय एकाहत्तर, गुडघे दुखरे. हे म्हणाले, "आई, तिथे नुसता चिखल असतो." त्यावर उत्तर तयार होतं, "चिखलाचं मला काय सांगतोस! इगतपुरीकडची मी, भाताच्या खाचरात वाढलेय."

झालं, जायचं ठरलं! पण ह्यांना रजा नव्हती आणि मुलीची परीक्षा जवळ आलेली. म्हणून जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघीच निघाल्या. सासू-सून दोघीच प्रवासाला म्हटल्यावर शेजारणींनी भुवया उंचावल्या, ते सोडून द्या!

नाशिकहून हैदराबाद आणि तिथून रात्रीच्या गौतमी एक्सप्रेसने काकिनाडा. गाडीचं नाव वाचून सासूबाई खूश. त्र्यंबकेश्वराजवळच्या ब्रह्मगिरीवर गौतम ऋषींनी गंगा आणली, ही कथा आपल्याला पाठ असते. तिकडे नदीचा जो मोठा फाटा समुद्राला जातो, त्याचंही नाव गौतमीच. सिंहस्थाचंही तसंच. गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडे कुंभमेळा भरतो, आणि राजमहेंद्रीला गोदावरी पुष्करम्. २०१५ साली दोन्हीकडे एकाच वर्षी गर्दी उसळली होती. चौदाशे पासष्ट किलोमीटरची नदी, पण दोन टोकांचं पंचांग एकच!

पहाटे राजमहेंद्रीला गाडी पुलावर आली. पूल अडीच किलोमीटरहून लांब, संपता संपेना. रामकुंडाशी पोरं ज्या नदीत उड्या मारतात, तिचा पलीकडचा काठ इथे धुक्यात दिसेनासा झालेला. डब्यातल्या बायका खिडकीतून नाणी टाकत हात जोडत होत्या. सासूबाईंनीही टाकलं. मग हळूच म्हणाल्या, "केवढी झाली गं ही!" माहेरवाशिणीला खूप वर्षांनी पाहिल्यासारखा सूर होता.

इथून जरा खाली धवळेश्वरम्. तिथेच माझा फळ्यावरचा त्रिकोण सुरू होतो. नदीला गौतमी आणि वसिष्ठा असे दोन मुख्य फाटे फुटतात. सर आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनियरने १८५२ साली तिथला बंधारा पुरा केला आणि दुष्काळात होरपळणाऱ्या या मुलखात कालवे खेळवले. आज दोन्ही बाजूंना भाताची शेतं आणि नारळाच्या राया. कॉटनसाहेबाला तिथले शेतकरी अजून मानतात, त्याचे पुतळे आहेत.

काकिनाड्यापासून साधारण वीस किलोमीटरवर कोरिंगा अभयारण्य. १९७८ साली जाहीर झालेलं, सुमारे दोनशे पस्तीस चौरस किलोमीटरचं. आपण खारफुटी म्हणतो, तेलुगूत 'मड अडवुलु'. चिखलावर खांब रोवून लाकडी पाऊलवाट बांधली आहे, त्यामुळे दुखऱ्या गुडघ्यांचीही सोय होते. आम्ही ओहोटीच्या वेळी पोचलो. पाणी उतरलेलं आणि चिखलातून पेन्सिलींसारखी हजारो टोकं वर आलेली. ही तिवराची मुळं. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. बरोबरच्या वाटाड्याने तिवराचं एक पान दाखवून जिभेला लावायला सांगितलं. चक्क खारट! मुळांतून आलेलं जास्तीचं मीठ झाड पानावाटे बाहेर टाकतं. पण त्याने लगेच बजावलं, दुसऱ्या कुठल्याही झाडाला हात लावू नका. इथे 'तिल्ला' नावाचं झाड आहे, आपल्या कोकणातला गेवाच तो. त्याचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीला धोका.

पुढे कांदळाची झाडं. शेवग्याच्या शेंगांसारखं काही लोंबत होतं. शेंगा नव्हेत, ती रोपं! बी झाडावरच रुजतं, लांब कोंब फुटतो आणि मग ते खाली चिखलात उभं रुततं, नाहीतर भरतीबरोबर दुसरीकडे जाऊन रुजतं. सासूबाई म्हणाल्या, "शहाणं झाड आहे. लेक स्वतःच्या पायावर उभी राहिली, मगच घराबाहेर पाठवली."

चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. एक नांगी भलीमोठी असलेले लाल खेकडे जणू कोणाला बोलावत होते. खंड्या, बगळे, करकोचे मोजता मोजता मी दमले. पाणमांजरं आणि मासे पकडून खाणारं रानमांजर हे इथलं वैभव. रानमांजर निशाचर, ते कुठलं दिसायला! पण ओल्या चिखलातले त्याचे ठसे वाटाड्याने दाखवले.

भरती चढू लागल्यावर बोटीत बसलो. दोन्ही बाजूंना झाडी, मधून खाडी. बोटवाल्याला मोडकं हिंदी येत होतं. कोरिंगा हे पूर्वी गजबजलेलं बंदर होतं. १८३९ च्या वादळात समुद्र आत शिरला आणि ते उद्ध्वस्त झालं. नोव्हेंबर १९९६ च्या वादळात या भागात हजाराहून जास्त माणसं गेली. "ही झाडं म्हणजे आमची भिंत," तो म्हणाला. झाडीत शिरलेल्या लाटेचा जोर मोडतो, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे.

खाडी संपली आणि समोर उघडं पाणी आलं. लांबवर होप बेटाची रेघ. साधारण सोळा किलोमीटरची ही वाळूची पट्टी नदीच्याच गाळाने गेल्या दोनशे वर्षांत घडवली. जानेवारीपासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आपल्या वेळासला येतात तीच. कासवांना त्रास नको म्हणून आम्ही बेटावर उतरलो नाही.

इथे सासूबाईंनी पिशवीतून तांब्याचा गडू काढला. रामकुंडाचं पाणी! मला पत्ताही नव्हता. प्लॅस्टिकच्या पिशवीत फुलंही होती. बोटवाला म्हणाला, "अम्मा, पाणी सोडा, फुलं सोडा, पिशवी नको." त्यांनी पिशवी घडी करून परत ठेवली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आपलं पाणी इथवर येतंच ना गं?"

भूगोलाच्या बाईला असा प्रश्न! खोटं बोलणं सोपं होतं. पण पैठणचं जायकवाडी, नांदेडचं विष्णुपुरी, पुढे तेलंगणातलं श्रीरामसागर, एवढी धरणं वाटेत आहेत. इथे येणारं बरंचसं पाणी प्राणहिता, इंद्रावती आणि शबरीचं. गाळही धरणांत अडतो, म्हणून या किनाऱ्याची जमीन काही ठिकाणी समुद्र खातो आहे. मी म्हटलं, "चांगल्या पावसाळ्यात धरणं भरून वाहिली की येतं, आई. एरवी वाटेतच अडतं."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, उगाच सांगितलं. मग त्यांनी गडू पाण्यात रिता केला आणि म्हणाल्या, "म्हणजे मी आणलं ते बरं केलं."

जाणाऱ्या मैत्रिणींसाठी थोडं. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. त्याआधी वादळांची भीती. संक्रांतीच्या आठवड्यात मात्र जाऊ नका, सारा आंध्र गावी निघालेला असतो, आरक्षण मिळत नाही. राहायला काकिनाडा सोयीचं. भरती-ओहोटीच्या वेळा आधी विचारा: चिखलातले जीव ओहोटीला दिसतात, बोट भरतीला बरी. पूर्ण बाह्यांचे फिके कपडे, टोपी, डासांचं मलम आणि पाणी बरोबर हवं. तिखट जेवण सोसत नसेल तर पेरुगू, म्हणजे दही मागा. येताना पाकाने भरलेला काकिनाड्याचा काजा आणि आत्रेयपुरम्‌च्या कागदासारख्या पातळ पूतरेकुलु आणा. तांदळाच्या पापुद्र्यात साखर-तूप घालून केलेला हा पदार्थ घरी जमेल असं मला वाटलं होतं. दोनदा प्रयत्न केला, विकतचाच आणा!

परत आल्यावर वर्गात पुन्हा त्रिकोण काढला. त्याची समुद्राकडची बाजू मात्र खडू आडवा धरून रुंद, पुसट काढली, कारण तिथे रेघ नाहीच, चिखल आणि झाडं आहेत. पहिल्या बाकावरची म्हणाली, "बाई, आता पाहिलात ना?" आणि सासूबाई? परवा गंगेवर शेजारीण निर्माल्याची पिशवी पाण्यात टाकत होती. हिने तिचा हात धरला, पिशवी काढून घेतली आणि म्हणाल्या, "फुलं निर्माल्यकलशात टाक. खाली आपली माणसं राहतात."