खळ

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला पर्यावरण हा विषय सक्तीचा होता. वर्गात कुणालाच त्याचं फारसं काही नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर दिलेल्या आदेशामुळे तो शिकवावा लागतो, एवढं सांगून सर पुढच्या प्रकरणाकडे वळले. विद्यापीठ अनुदान आयोगाने आखलेल्या त्या अभ्यासक्रमाच्या शेवटी क्षेत्रभेट होती, पाच तासांची. नदी, जंगल, डोंगर पाहा. आणि 'स्थानिक प्रदूषित स्थळाला भेट द्या'. सर म्हणाले, लांब कशाला जायचं, भिवंडीला जाऊ. वर्ग हसला. मी रोज संध्याकाळी त्या स्थळाला भेट द्यायला जात होते आणि सकाळी डबा घेऊन परत येत होते.

भिवंडीतल्या नारपोलीत आमच्या चाळीच्या भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना होता. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, हा २००० सालच्या ध्वनी नियमांचा तक्ता मी त्याच भिंतीला टेकून पाठ केला. पलीकडे धोटे आपटत होते. मागांच्या शेडमध्ये नव्वदीच्या वर आवाज असतो. शुक्रवारी माग बंद. त्या दिवशी घरातलं घड्याळ ऐकू यायचं, आणि तरीही आई मीठ मागताना ओरडूनच मागायची. तिची सवय सुटायला एक शुक्रवार पुरत नसे.

बाबा सायझिंगला होते. भिवंडीबाहेर हा शब्द सांगून समजत नाही. कापडाचा ताणा मागावर चढण्याआधी त्याला खळ द्यावी लागते, नाहीतर धोट्याच्या आणि फणीच्या घर्षणाने सूत पिंजतं, तुटतं. मक्याचा स्टार्च, चिंचोक्याची पूड, सूत मऊ राहावं म्हणून थोडी चरबी, असं मोठ्या भांड्यात वाफेवर शिजवायचं. त्यातून हजारो धागे एकदम बुडवून, पिळून, तापलेल्या सिलिंडरांवर वाळवून बीमवर गुंडाळायचे. सुती ताण्याच्या वजनाच्या साधारण दहा टक्के खळ त्यावर चढते. बाबा घरी यायचे तेव्हा शर्टाच्या बाह्या कडक झालेल्या असत. आई भाताची पेज काढून सुती साड्यांना खळ करायची, आणि बाबांना चिडवायची, की तुमच्या शर्टाला माझी पेज वाया नको घालवायला.

पुढे मी पर्यावरणशास्त्रातच एम.एस्सी. केलं. हट्टाने केलं असं म्हणायला बरं वाटतं, पण खरं म्हणजे रसायनशास्त्राला नंबर लागला नाही.

तिथे पहिल्याच सत्रात पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायला शिकवलं. पद्धत विंकलरची, एकोणिसाव्या शतकातली. तीनशे मिलीलीटरची काचेची बाटली, बूच लावताना एकही बुडबुडा राहता कामा नये. दोन रसायनं घातली की पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढराच राहतो. मग आम्ल घातलं की आयोडिनाचा सोनेरी पिवळा रंग. थायोसल्फेट थेंब थेंब सोडत रंग फिका गवती झाला की सूचक घालायचं, सगळं गर्द निळं होतं. आणि मग एका थेंबाला ती निळाई एकदम जाते. त्या सूचकाची बाटली मी हातात घेतली. वर लिहिलं होतं, 'स्टार्च'. माझ्या डोळ्यांसमोर बाबांच्या बाह्या आल्या.

आमच्या चाळीमागच्या नाल्यातलं पाणी मी एकदा बाटलीत भरून नेलं. हा नाला कामवारीत जातो, कामवारी खाडीत. साका पांढरा धरला. मग नमुना पातळ करून बीओडी लावली: २७ अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवायचं, जिवाणूंनी किती ऑक्सिजन खाल्ला ते पाहायचं. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला लिटरमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. माझा आकडा तिच्या कितीतरी वर होता.

रात्री बाबांनी विचारलं, "काय निघालं पाण्यात?"

"खळ. बाकीही बरंच, पण खळ आहेच."

"मका आहे तो. माशांना चांगलाच की."

मला हसू आलं, पण चूक कुठे होती त्यात? खळ हे अन्नच आहे. म्हणून तर जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात, आणि खाता खाता पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे वाढपी चांगला, पण मांडव कोंदट." एवढं नेमकं मला वहीत लिहिता आलं नव्हतं.

पुढे कळलं की स्टार्चऐवजी पीव्हीए नावाची कृत्रिम खळही वापरतात. तिची बीओडी कमी येते. कागदावर पाणी स्वच्छ झाल्यासारखं दिसतं. पण ती कमी येते, कारण साधे जिवाणू तिला सहजी तोंड लावत नाहीत. ती पाण्यात तशीच राहते, सीओडी काढली, म्हणजे जिवाणूंऐवजी रसायनाने ऑक्सिजनची मागणी मोजली, की उघडी पडते. आपण कोणता प्रश्न विचारतो त्यावर नदी आजारी की बरी ते ठरतं, याची मला भीती वाटली, आणि अजूनही वाटते. शाश्वत हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरते.

प्रबंधासाठी मी आमचा परिसरच घेतला. कागदावर चौकोन आखला: डावीकडून सुताचे कोन, स्टार्चची पोती, लाकूड, पाणी आत, उजवीकडून ग्रे, म्हणजे कोऱ्या कापडाचे तागे, राख, धूर, सांडपाणी बाहेर. अशा चौकोनाला व्यवस्थेची सीमारेषा म्हणतात, आणि आत आलेलं सगळं बाहेर गेलेलं दिसावं लागतं. मार्गदर्शक मॅडमनी माझा ताळेबंद पाहिला आणि पेन्सिल एका जागी टेकवली. "इतकी पोती आत आली. नाल्यात गेली ती भांडी धुतल्यापुरती. बाकीची खळ कुठे आहे?"

वर्षभर मी नाल्यावर वाकून बसले होते, आणि उत्तर डोक्यावरून ट्रकमध्ये जात होतं. घरी येऊन बाबांना विचारलं तर त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. खळ कापडावरच जाते. रंगवायच्या आधी धुऊन काढतात, नाहीतर रंग धरत नाही. सुती कापडाच्या प्रक्रियेतल्या बीओडीत या धुण्याचाच वाटा फार मोठा, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. ते धुणं कुठे होतं हे विचारलं नव्हतं.

"आणि ट्रक?"

"काही इथेच डाईंगला. काही पालीला, बालोतऱ्याला. राजस्थान."

मी नकाशा काढला. बालोतऱ्याजवळ बोट ठेवून सांगितलं, ही लूणी. पावसाळा सोडला तर बहुतेक कोरडी असते, आणि समुद्रालाही मिळत नाही, कच्छच्या रणात जिरते.

बाबांनी चष्मा वर केला. "नदीला पाणीच नाही म्हणतेस," ते म्हणाले, "मग आपली खळ तिथनं जाते कुठे?"