पिसं कोणाच्या दारात सापडली?

पक्षी मारणं हे एक काम आणि मारलेला पक्षी साफ करणं हे दुसरं. साहेबी शिकारकथांमध्ये पहिल्या कामाची पानंच्या पानं वर्णनं असतात. बंदूक कोणती, वारा कुठून, नेम कसा. दुसऱ्या कामाला बहुतेक वेळा एक ओळही मिळत नाही. साहेब तंबूवर परततो आणि रात्री ताटात भाजलेला तितर येतो. मधल्या वेळात पिसं कोणी उपटली, आतडी कोणी काढली, हे विचारायचं नसतं. घाणीला हात लावणारा माणूस मजकुरातून गायब करण्याची आपल्या समाजाची सवय जुनी आहे, ती इथेही दिसते.

मी पनवेल तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवर काम करते. जातीचे दाखले, रेशनकार्ड, वीटभट्टीवर गेलेल्या पोरांची शाळा, असं ते काम. कातकरी म्हणजे काथ पाडणारे. खैराच्या लाकडापासून काथ काढणं हा यांचा धंदा. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने जंगलं राखीव केली आणि खैरावर कुऱ्हाड चालवणं गुन्हा होत गेला. धंदा गेला, जमीन नव्हतीच. मग कोळसा पाडणं, मग वीटभट्टी, आणि आगाऊ उचल घेऊन आयुष्यभर फेडणं. कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासोबत कातकरी आज राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांमध्ये मोडतात. या माणसांच्या ताटात मटण-मासळी रोज नसते. रानातला लावा, रानकोंबडी, शेतातला उंदीर, ओढ्यातला खेकडा हाच त्यांचा जुना खुराक.

एका वाडीवरच्या आजींनी मला गावठी कोंबड्यावर सगळं करून दाखवलं. म्हणाल्या, "ताई, रानातल्याचं पण असंच. फक्त रानातल्याला घाई." घाई का, तर मेलेल्या पक्ष्याचं अंग आतून बराच वेळ गरम राहतं आणि आतडी आधी सडायला लागतात. म्हणून पक्षी घरी आणेपर्यंत थांबायचं नाही, रानातच पोट मोकळं करायचं. शेपटीखाली लहान चीर द्यायची, दोन बोटं घालायची आणि आतडी एका ओढीत बाहेर. काळीज आणि पेटा बाजूला. काळजाला चिकटलेली पित्ताची हिरवी पिशवी फुटू द्यायची नाही, फुटली तर सगळं मांस कडू. पेटा उभा चिरून आतली खडेवाळू झटकायची आणि पिवळी कातडी सोलायची. पिसं अंग गरम असताना कोरडीच उपटायची, एका वेळी थोडी थोडी, नाहीतर कोवळ्या पाखराची कातडी फाटते. हात घसरला तर राख लावायची. उरलेली बारीक लव गवताच्या जाळावर भाजायची. पाणी मात्र घरी आल्यावरच, कारण ओलं मांस लवकर वास मारतं. तोपर्यंत पानात गुंडाळून ठेवायचं.

याच्या पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटलं. गळ्याखालची पिशवी आजींनी टाकून दिली नाही. ती फोडून हातावर घेतली आणि बोटाने दाणे वेगळे केले. ही नाचणी, हे गवताचं बी, ही वाळवी. रानकोंबडीच्या पिशवीत काय निघालं त्यावरून त्यांची आई सांगायची की पाखरं आता कुठल्या अंगाला चरतात आणि यंदा कुठलं बी लवकर पिकलं. मी समाजशास्त्रात एम.ए. केलं. 'पारंपरिक ज्ञान' हा शब्द आम्ही परीक्षेत पन्नास वेळा लिहिला असेल, पण ते तळहातावर घेऊन मोजताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आता दुसरा हात पाहू. १९०८ च्या सुमारास मुंबईत एका दहा-बारा वर्षांच्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली. चिमण्या मारून, हलाल करून खाणं त्या घरात नवीन नव्हतं. पण हिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, म्हणून ती खावी की नाही असा प्रश्न पडला. मुलाच्या मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलार्ड साहेबांनी पक्षी ओळखला, पेंढा भरलेले पक्षी दाखवले, आणि पुढे त्या मुलाला पक्ष्याची कातडी सोलून टिकवायला तिथेच शिकता आलं. तो मुलगा म्हणजे सालिम अली. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, आणि ही गोष्ट त्यांनीच आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितली आहे. माझा मुद्दा त्या खोलीबद्दल आहे. तिथेही पोटाला चीर देतात, आतलं काढतात, पोटात काय सापडलं ते लिहितात. मग पायाला चिठ्ठी बांधून पक्षी कपाटात ठेवतात आणि त्याला नमुना म्हणतात. वाडीवर तेच सगळं होतं, चिठ्ठी तेवढी नसते. त्याला पुरावा म्हणतात.

कायद्याचंही असंच. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा शिकार पूर्ण बंद झाली नव्हती. परवाना काढून लहान शिकार करण्याची सोय होती, आणि तितर-लावे त्या यादीत होते. ती सोय १९९१ च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे ज्याच्याकडे बंदूक, परवाना आणि जीप होती त्याला आणखी एकोणीस वर्षं मिळाली. फासे लावणाऱ्या कातकऱ्याला परवाना कोण देणार होतं? जुन्या शिकारीची कातडी आणि शिंगं जाहीर करून मालकीचा दाखला घेण्याचीही तरतूद त्याच कायद्यात आहे. २००६ चा वनहक्क कायदा आदिवासींवरचा ऐतिहासिक अन्याय मान्य करतो, पण पारंपरिक हक्कांची यादी देताना शिकार आणि फासे स्पष्टपणे वगळतो.

मी शिकार पुन्हा सुरू करा असं म्हणत नाही. पनवेलजवळचं कर्नाळा १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. ते जेमतेम १२ चौरस किलोमीटरचं रान आहे आणि ते राहिलंच पाहिजे. पण त्याला लागून मुंबई-गोवा महामार्ग रुंद झाला, पलीकडे विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, आणि पाखरं कमी झाल्याचा हिशेब मात्र नायलॉनच्या फाशाकडून मागितला जातो. हे मला पटत नाही.

आमच्यातले काही कार्यकर्ते विचारतात, बाबासाहेबांनी आपल्याला हे खाणं सोडायला सांगितलं, मग तू हे कौतुकाने का लिहितेस? नीट वाचा. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. ते मांस गावाने वतनाच्या कामाबरोबर आपल्या गळ्यात बांधलेलं होतं, त्यात लाचारी होती. कातकऱ्याने स्वतः पकडलेलं पाखरू कोणी उष्टं म्हणून टाकलेलं नाही. आणि ताटावरून माणसाची पायरी ठरवण्याचं विष तर आदिवासींपर्यंतही पोचवलं गेलं. गाय-बैल न खाणारे सोन कातकरी वरचे आणि खाणारे ढोर कातकरी खालचे, हे कोणाचं गणित आहे?

राहिला पंचशीलाचा प्रश्न. पाणातिपाता वेरमणी मी रोज म्हणते, आणि तो कोंबडा कापताना माझी नजर खाली गेली होती. बुद्धांनी भिक्खूंना घातलेली अट मला माहीत आहे. आपल्यासाठी मारल्याचं पाहिलेलं, ऐकलेलं किंवा तसा संशय असलेलं मांस घेऊ नये. पण ती अट भिक्षा घेणाऱ्यासाठी आहे. खारघरच्या सोसायटीत सोललेलं, धुतलेलं बोनलेस पाकीट घरपोच मागवणारा, आणि वर 'हे लोक किती क्रूर' म्हणणारा, या अटीच्या आड लपू शकत नाही. पाकिटातल्या कोंबडीची आतडी कोणीतरी काढलीच आहेत. ते हात कोणाचे, हे मी सांगायला नको.

मागच्या वर्षी एका वाडीवर झोपडीच्या मागे रानकोंबडीची पिसं सापडली आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला नेलं. पोराने नाकारलंही नाही. घरात बाळंतीण होती, एवढंच म्हणाला. त्याच्या जामिनासाठी आम्ही वर्गणी काढली. याच मुलाला प्रत्येक पक्षी आवाजावरून ओळखता येतो, घरटी कुठे असतात ते ठाऊक आहे. पर्यटकांना पक्षी दाखवायला किंवा मोजणीला त्याला रोजंदारीवर घ्या, असा अर्ज मी दोन वेळा दिला. तोंडी उत्तर मिळालं की गुन्हा दाखल असलेल्याला घेता येत नाही आणि दहावीचं सर्टिफिकेटही लागेल. तारखा चालू आहेत. तारखेच्या दिवशी भट्टीवरचा खाडा पडतो, आणि मालक तो उचलीत धरतो.