ओहोटीचें गांव

स्वाति नक्षत्राच्या पावसाचा थेंब शिंपल्यांत पडला म्हणजे त्याचा मोती होतो, ही कल्पना आमच्या संस्कृत कवींनीं फार प्रेमानें घोळविली आहे. वर्गांत ती सांगतांना मुलांचे चेहरे कसे खुलत, तें आम्हांस अजून आठवतें. परंतु समुद्राच्या तळाशीं उतरून तो शिंपला वर कोण आणितो, हा प्रश्न कवींनीं सहसा विचारिला नाहीं. त्या प्रश्नाचें उत्तर ज्या गांवच्या वाळूंत आणि स्मशानांत उघडपणें वाचावयास मिळतें, अशा ब्रूम नांवाच्या गांवीं तंबू ठोकून आठ दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. हें गांव ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर आहे. तेथें जें पाहिलें व ऐकिलें, तें वाचकांस सादर करीत आहों.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त पर्थ शहरीं राहतात. आषाढांत तेथील शाळांना सुटी लागतांच चिरंजीव, सूनबाई, दोन नातवंडें, आमचें कुटुंब आणि आम्ही अशीं सहा माणसें मोटारीनें उत्तरेकडे निघालों. पर्थपासून ब्रूम सुमारें २,२०० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून कलकत्त्यास जाण्याहूनहि अधिक. हा प्रवास आम्हीं चार दिवसांत केला. पोर्ट हेडलंडपासून पुढचा सुमारें ६०० किलोमीटरांचा टप्पा तर असा कीं, पेट्रोल, पाणी आणि चहा मिळण्याचीं ठिकाणें बोटांवर मोजावीं. तीन-तीन डबे जोडलेल्या, पन्नास मीटरांहूनहि लांब मालमोटारी समोरून गर्जत येतात आणि आपली मोटार वाऱ्यानें हलते. सूर्य मावळल्यावर कांगारू व गुरें रस्त्यावर येत असल्यामुळें शहाणा मनुष्य अंधारांत मोटार हांकीत नाहीं. दिवस असतांच मुक्काम करावा, तंबू उभारावा, गॅसच्या शेगडीवर मुगाची खिचडी टाकावी आणि आठ वाजतां झोपीं जावें, असा आमचा क्रम होता. पाण्याचीं पिंपें व डाळतांदूळ सूनबाईंनीं पर्थहूनच बरोबर घेतले होते, हें त्यांचें शहाणपण पदोपदीं उपयोगी पडलें.

मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणीं आम्हांस एक मौज दिसली. मोटारीच्या मागें चाकांचें घर जोडून हिंडणारीं साठी-सत्तरीचीं जोडपीं जिकडे तिकडे भेटत. मुलें मार्गीं लागलीं, घर कोणाच्या तरी स्वाधीन केलें, आणि सहा-सहा महिने हीं मंडळी देशभर फिरत आहेत. तेथें यांना 'ग्रे नोमॅड', म्हणजे पिकल्या केसांचे भटके, असें थट्टेनें म्हणतात. आम्हांस मात्र आपल्या वानप्रस्थाची आठवण झाली. अरण्यांत जाऊन राहणें हें त्यांनीं आपल्या परीनें साधिलें आहे. फक्त समिधांच्या जागीं मासे पकडण्याचा गळ आला आहे, एवढाच भेद!

ब्रूमची वस्ती सुमारें १५,००० आहे. गांवची माती आपल्या कोकणांतील जांभ्याहून तांबडी असून तिला 'पिंडन' म्हणतात. ती कपड्यांस, भांड्यांस आणि पोळ्यांसहि लागते. ह्या तांबड्या कड्यांच्या पायथ्याशीं पांढरी वाळू, आणि वाळूपुढें निळाहिरवा समुद्र. आम्हांस अधिक कौतुक वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. पुणें विषुववृत्ताच्या जितकें उत्तरेस, जवळजवळ तितकेंच ब्रूम दक्षिणेस, सुमारें अठरा अंशांवर, आहे. त्यामुळें आपल्याकडे आषाढ धो धो कोसळत असतां तेथें कोरडा, स्वच्छ हिंवाळा होता. दुपारचा सूर्य उत्तरेकडून जाई. रात्रीं वृश्चिक जवळजवळ डोक्यावर येई आणि त्रिशंकु दक्षिणेस चांगला उंच दिसे. ध्रुव मात्र क्षितिजाखालीं गेलेला. "आजोबा, मग इथें वाट चुकलेल्या माणसानें काय पाहायचें?" असें नातवानें विचारिलें, तेव्हां त्रिशंकूवरून दक्षिण दिशा कशी काढावी, तें त्याला वाळूवर आकृति काढून दाखविलें. निवृत्त झाल्यावर घेतलेला तो आमचा पहिलाच तास होय.

या गांवाचा खरा धनी समुद्राची भरती-ओहोटी हा आहे. मुंबईस मोठ्या उधाणाच्या दिवशीं पाणी चार-साडेचार मीटर चढतें व उतरतें. ब्रूमला तेंच पाणी नऊ-दहा मीटरांपर्यंत चढतें-उतरतें. सकाळीं जेथें लाटा आपटत होत्या, तेथें सायंकाळीं मैलभर चिखल उघडा पडलेला असतो. येथें एक जुनें उघड्या आकाशाखालचें चित्रपटगृह १९१६ सालापासून चालू आहे. त्यांतहि पूर्वीं उधाणाचें पाणी शिरत असे. भरती-ओहोटीचें वेळापत्रक पाहिल्याशिवाय येथें कोणी किनाऱ्यावर उतरत नाहीं. आम्हींहि रोज सकाळीं पंचांगाच्या भक्तीनें तें वाचीत असूं.

युरोपियनांनीं १८८३ सालीं ब्रूमची स्थापना केली व तेव्हांचे गव्हर्नर सर फ्रेडरिक नेपियर ब्रूम यांचें नांव त्याला दिलें. त्यापूर्वीं सहस्रावधि वर्षें ही भूमि यावुरू या मूळच्या लोकांची होती. त्यांचा तिच्यावरील हक्क न्यायालयानें २००६ सालीं मान्य केला. गांव वसविण्याचें कारण एकच, समुद्रतळावरचा मोठा शिंपला. हा शिंपला जेवणाच्या ताटलीएवढा, प्रसंगीं तीस सेंटिमीटरांपर्यंत रुंद होतो. वाचकांस आश्चर्य वाटेल, परंतु हा धंदा मुख्यतः मोत्यांचा नव्हताच. मोती सांपडला तर नशीब. खरी किंमत शिंपल्याच्या चकचकीत अस्तराची. त्या अस्तरापासून सदऱ्याच्या गुंड्या कापीत आणि त्या साऱ्या जगांत विकल्या जात. आमच्या वडिलांच्या सदऱ्यास शिंपल्याच्या गुंड्या असत. त्या कोणत्या समुद्रांतून आल्या, हें आमच्या घरांत कोणी कधीं विचारिल्याचें स्मरत नाहीं.

प्रथम प्रथम शिंपले काढण्यासाठीं मूळच्या रहिवाशांना, स्त्रियांसुद्धां, बळजबरीनें पकडून नेत आणि कोणत्याहि साधनाशिवाय पाण्यांत बुडी मारावयास लावीत. गरोदर स्त्रियांनाहि यांतून सुटका नव्हती. शेवटीं १८७० नंतरच्या दशकांत सरकारला कायदा करून स्त्रियांना पाण्यांत उतरविण्याची मनाई करावी लागली. आज समुद्रकांठीं हातांत शिंपला घेऊन पाण्यांतून वर येणाऱ्या गर्भवतीचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. आमचें कुटुंब त्या पुतळ्यापुढें बराच वेळ उभें होतें. त्यांनीं एक शब्दहि उच्चारिला नाहीं.

पुढें तांब्याचें शिरस्त्राण व रबरी पोशाख आला, तसे जपानी, मलायी व इतर आशियाई पाणबुडे आले. १९१० च्या सुमारास येथें सुमारें ४०० गलबतें आणि ३,५०० माणसें या धंद्यांत होतीं. ऑस्ट्रेलियानें १९०१ सालीं गोऱ्यांखेरीज इतरांना बंदी करणारा कायदा केला. परंतु शिंपल्याच्या धंद्याला त्यांतून सवलत द्यावी लागली. १९१२ सालीं ब्रिटिश पाणबुडे आणून प्रयोग झाला, तो फसला. मरणाचें काम परक्यानें करावें, मात्र परक्यानें येथें घर करूं नये, असा हा न्याय!

मरणाचें काम हें शब्दशः खरें आहे. खोल पाण्याच्या दाबानें नत्रवायु रक्तांत विरघळतो. पाणबुडा घाईनें वर आला, तर त्याचे बुडबुडे होऊन सांधे आखडतात, अंग लुळें पडतें, पुष्कळदां प्राणहि जातो. त्यांत चक्रीवादळांची भर. १८८७ आणि १९३५ या सालच्या एकेका वादळांत सुमारें १४० माणसें बुडालीं. गांवच्या जपानी स्मशानांत ७०७ थडगीं असून त्यांखालीं ९१९ जण निजले आहेत. शिळा ओबडधोबड, किनाऱ्यावरच्याच दगडाच्या, आणि त्यांवर जपानी अक्षरें. आम्हांस तीं वाचतां येईनात. "इतक्या पोरांचीं नांवें कोणी वाचीत तरी असेल का हो?" असें आमच्या कुटुंबानें विचारिलें. आपल्या तर्पणविधींत ज्यांना पाणी देणारें कोणी उरलें नाहीं अशांनाहि एक ओंजळ देण्याची सोय पूर्वजांनीं ठेविली आहे. आमच्याजवळ तीळ नव्हते, दर्भ नव्हते. पिण्याच्या बाटलींत पाणी होतें. तेंच ओंजळींत घेऊन आम्हीं तेथें सोडलें. नातवंडांनींहि न सांगतां तसेंच केलें.

याच गांवावर जपानी विमानांनीं ३ मार्च १९४२ रोजीं हल्ला केला. उपसागरांत उतरलेलीं पंधरा जलविमानें बुडालीं, त्यांतील कांहींत जावाहून पळून आलेलीं डच बायकामुलें होतीं, व निदान ८८ माणसें मेलीं. ब्रूममधील जपानी रहिवाशांना त्यापूर्वींच नजरकैदेंत टाकिलें होतें. फार मोठ्या ओहोटीस त्या विमानांचे सांगाडे आजहि चिखलांतून वर येतात. आम्ही वेळापत्रक पाहून, चिखल तुडवीत त्यांच्याजवळ गेलों. गंजलेल्या लोखंडावर कालवें चिकटलीं होतीं. तेथें फार वेळ थांबणें इष्ट नाहीं, कारण पाणी परततें तें माणसाच्या चालीहून जलद.

गँथोम टोंकावरील खडकांवर ओहोटीस दिसतात तीं याहून कितीतरी जुनीं चिन्हें. सुमारें तेरा कोटि वर्षांपूर्वींच्या राक्षसी सरड्यांचीं तीन बोटांचीं पाउलें तेथें उमटलेलीं आहेत. मूळचे लोक तीं मरला नांवाच्या दैवी एमू-पुरुषाचीं पाउलें मानतात, आणि किनाऱ्यानें जाणारी त्याची वाट त्यांच्या गीतांत जपलेली आहे. वामनाचीं पाउलें मानणाऱ्या आम्हांस हें ऐकून परकेपणा वाटला नाहीं.

पौर्णिमेच्या सुमारास जी शोभा दिसते, तिचें श्रेयहि ओहोटीसच. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीं सारें गांव सायंकाळीं पूर्व किनाऱ्यावर जमलें होतें. तांबडा चंद्र उपसागरावर वर आला, तों उघड्या पडलेल्या चिखलाच्या लाटालाटांवर साचलेल्या पाण्यांत त्याचें प्रतिबिंब पट्ट्यापट्ट्यांनीं उमटलें. आपल्या पायांपासून थेट चंद्रापर्यंत सोन्याचा जिना मांडल्यासारखें दिसलें. चंद्रावरचा ससा मात्र येथें उलटा. त्यामुळें नातवंडांची हंसून हंसून मुरकुंडी वळली.

निघण्याच्या आदल्या दिवशीं आम्ही मोत्यांच्या पेढीवर गेलों. आमच्या कुटुंबाच्या नथेंतील एक मोती मागेंच निखळला आहे. तो येथून घ्यावा, असा सूनबाईंचा आग्रह होता. प्लास्टिकच्या गुंड्या आल्यावर शिंपल्याचा धंदा बसला आणि १९५६ पासून या किनाऱ्यावर मोत्यांची शेती सुरू झाली. आतां शिंपल्यांत बीज घालून मोती वाढवितात. परंतु हे मोती बोराएवढे. नथेंत एक बसविला तर नाकच खालीं यावयाचें! पेढीवरील बाईहि हंसली. आमच्या कुटुंबानें मोती घेतला नाहीं. शिंपल्याच्या सहा गुंड्या घेतल्या आणि त्या नातवाच्या सदऱ्यास लावल्या. गुंड्या कसल्या म्हणून त्यास कोणी विचारिलें, तर तो आतां सगळी हकीकत सांगतो.

ज्या वाचकांचीं मुलें त्या देशांत आहेत, त्यांनीं ब्रूमला अवश्य जावें. मे ते सप्टेंबर हा काळ चांगला. पावसाळ्याच्या महिन्यांत विषारी जेलीमासे व वादळें यांचें भय असतें. खाड्यांत मगरी बारमहा असतात, म्हणून पाण्याच्या कडेपासून निदान पन्नास मीटर दूर तंबू ठोकावा. उत्तरेकडील डॅम्पियर द्वीपकल्पाचा रस्ता २०२० पासून पक्का झाला आहे. तेथें मूळच्या लोकांच्या वस्त्या आहेत. त्यांची परवानगी घेऊन, त्यांचे नियम पाळून राहावें. बीगल बे येथें त्यांच्याच हातांनीं व जर्मन धर्मोपदेशकांच्या मार्गदर्शनानें उभारलेलें देऊळ आहे. त्याची वेदी शिंपल्यांनीं मढविलेली आहे. ती पाहतांना, आईबापांपासून हिरावून आणलेलीं कितीतरी मुलें त्या मठांत वाढलीं, हेंहि ध्यानांत असूं द्यावें.

भरतीच्या वेळीं ब्रूम फार सुंदर दिसतें, आणि बहुतेक चित्रें त्याच वेळचीं असतात. आमचें सांगणें इतकेंच कीं, तेथें ओहोटी लागेपर्यंत थांबावें. पाणी मागें सरल्यावर जें उघडें पडतें, तें पाहण्यास डोळे आणि पाय दोन्ही शाबूत असावे लागतात. म्हणून हा प्रवास फार म्हातारपणावर टाकूं नये.