डोक्याला बसणारे छोटे मार आणि बदललेला स्वभाव

'स्वभावाला औषध नाही' असे आपण सहज म्हणून जातो. पण पन्नाशीपर्यंत शांत असलेला माणूस हळूहळू तापट, संशयी किंवा बेफिकीर होऊ लागला, तर 'वय झालं, स्वभाव बिघडला' म्हणून सोडून देऊ नका. आणि त्या माणसाने तरुणपणी बॉक्सिंग, रग्बी, फुटबॉल किंवा कुस्ती असा अंगाला अंग भिडणारा खेळ वर्षानुवर्षे खेळला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. आपण होऊन हे सहसा कोणी सांगत नाही, कारण तीस वर्षांपूर्वीच्या खेळाचा आजच्या रागाशी काही संबंध असेल असे कोणाला वाटतच नाही.

मेंदूत नेमके काय होते?

आपला मेंदू साधारण १.३ ते १.४ किलो वजनाचा आणि खरवसासारखा मऊ असतो. तो कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोक्याला जोरात धक्का बसला की कवटी थांबते, पण आतला मेंदू पुढे जातो आणि पिळवटला जातो. त्यातले बारीक मज्जातंतू ताणले जातात. या तंतूंच्या आत सूक्ष्म नळ्यांची एक चौकट असते आणि 'टाऊ' नावाचे प्रथिन ती धरून ठेवते, जसा काथ्या बांबूची परांची बांधून ठेवतो. वारंवार धक्के बसले की हे टाऊ सुटते आणि त्याच्या गाठी साचू लागतात. मेंदूच्या घड्यांच्या खोल खाचांत, लहान रक्तवाहिन्यांभोवती हा कचरा आधी दिसतो. खेळ थांबल्यावरही ही प्रक्रिया वर्षानुवर्षे पुढे सरकत राहू शकते. या आजाराला 'क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी', थोडक्यात सीटीई म्हणतात.

इथे दोन गैरसमज दूर करतो. पहिला, 'बेशुद्ध पडला नाही म्हणजे काही झालं नाही.' मेंदूला धक्का बसलेले बहुतेक खेळाडू बेशुद्ध पडत नाहीतच. दुसरा, 'हेल्मेट होतं ना!' हेल्मेटने कवटी फुटण्यापासून वाचते, आतल्या मेंदूचे हिंदकळणे मात्र पूर्णपणे थांबत नाही.

हे कळले कसे?

१९२८ साली अमेरिकेतील डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनी अडखळत चालणाऱ्या, बोबडे बोलणाऱ्या, गोंधळलेल्या बॉक्सरांविषयी लिहिले. हा फक्त बॉक्सरांचा आजार, असे पुढे अनेक दशके मानले गेले. २००२ मध्ये पिट्सबर्गचे प्रसिद्ध अमेरिकन फुटबॉलपटू माइक वेब्स्टर वयाच्या ५० व्या वर्षी वारले. शेवटची काही वर्षे त्यांची स्मरणशक्ती आणि वागणूक पार ढासळली होती. डॉ. बेनेट ओमालू यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा मेंदू वरून नेहमीसारखाच दिसत होता. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र टाऊच्या गाठी सापडल्या.

त्याच वर्षी इंग्लंडचे फुटबॉलपटू जेफ अॅस्टल ५९ व्या वर्षी स्मृतिभ्रंशाने गेले. ते हेडरसाठी प्रसिद्ध होते. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने कारण नोंदवले, 'व्यवसायजन्य आजार'. चेंडू डोक्याने मारणे हाच त्यांचा व्यवसाय होता! २०१४ मध्ये त्यांचा मेंदू पुन्हा तपासला, तेव्हा तिथेही सीटीई आढळला.

स्कॉटलंडमधील ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मृत्यू होण्याचे प्रमाण त्यांच्यात सामान्य लोकांच्या सुमारे साडेतीन पट होते. पुढे असेही दिसले, की गोलरक्षकांमध्ये हा धोका सामान्यांइतकाच होता, तर बचावफळीतल्या खेळाडूंमध्ये सुमारे पाच पट. गोलरक्षक हेडर क्वचितच मारतो, बचावपटू सतत मारतो. हिशेब तुम्हीच करा.

पण घाबरून जाऊ नका. याच अभ्यासात त्या खेळाडूंचे हृदयविकाराने होणारे मृत्यू इतरांपेक्षा कमी होते. म्हणजे खेळ वाईट नाही, डोक्याला पुन्हा पुन्हा बसणारे मार वाईट आहेत.

माझ्या दवाखान्यातली एक गोष्ट

ओळख कळू नये म्हणून तपशील बदलून सांगतो. साठीच्या आतले एक निवृत्त जवान. तरुणपणी पलटणीच्या संघातून बारा-तेरा वर्षे बॉक्सिंग केलेले. पत्नी त्यांना रक्तदाब तपासायला घेऊन आल्या होत्या. निघताना दारातच थांबून हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, हे असे नव्हते हो. आता ताट भिरकावतात. पेन्शनचे पैसे कोणालाही देऊन टाकतात. मुलगा तर बोलायचाच बंद झालाय."

अशा वेळी थेट सीटीईवर उडी मारायची नसते. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, दारू, झोपेत श्वास अडकणे, मेंदूच्या आवरणाखाली साचलेले रक्त, यांमुळेही माणूस बदलतो आणि यांवर उपचार आहेत. म्हणून तपासण्या झाल्या, मग मेंदुविकारतज्ज्ञांकडे पाठवले. वारंवारच्या मारांचा हा परिणाम असण्याची दाट शक्यता त्यांनी सांगितली. 'शक्यता' हाच शब्द बरोबर, कारण सीटीईचे पक्के निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते. सीटी स्कॅन किंवा एमआरआयवर ते ठरत नाही.

आजार मुळातून घालवणारे औषध नव्हते, ते मी स्पष्ट सांगितले. झोप, मनःस्थिती आणि चिडचिड यांसाठी औषधे सुरू झाली. बँकेचे व्यवहार मुलाच्या देखरेखीखाली आले. बाईंनी एकच विचारलं, "म्हणजे हे मुद्दाम करत नाहीत?" मी म्हटलं, "नाही." त्या बराच वेळ गप्प बसल्या. पुढच्या वेळी रुग्णाला घेऊन मुलगा आला होता.

निदानाने दर वेळी आजार बरा होत नाही. पण घरातला दोष कोणाच्या माथी मारायचा, हा प्रश्न तरी मिटतो.

तुमचे मूल खेळत असेल तर

१. डोक्याला मार बसल्यावर डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गोंधळ, धूसर दिसणे किंवा 'बरं वाटत नाही' एवढे जरी मूल म्हणाले, तरी त्या दिवशी खेळ बंद. अंतिम सामना असला तरीही! पहिला धक्का भरून येण्याआधी दुसरा बसला, तर कोवळ्या वयात मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो. हे क्वचित घडते, पण घडते.

२. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, फिट येणे, हातापायांत अशक्तपणा, एक बाहुली मोठी दिसणे, यांपैकी काहीही असल्यास ताबडतोब रुग्णालय गाठा.

३. एक-दोन दिवस आराम आणि मोबाइल कमी. मग थोडे चालणे-फिरणे, मग शाळा, मग हलका सराव. अंगाला अंग भिडणारा खेळ सर्वांत शेवटी आणि डॉक्टरांनी तपासल्यावरच. नुसत्या 'फिट सर्टिफिकेट'साठी डॉक्टरांच्या मागे लागू नका.

४. बहुतेक मार सामन्यात नव्हे, रोजच्या सरावात बसतात. तेच कमी करणे आपल्या हातात आहे. अमेरिकेत २०१५ पासून दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर मारू न देण्याचे धोरण आहे. स्कॉटलंडने २०२० मध्ये बारा वर्षांखालील मुलांच्या सरावातून हेडर काढून टाकले. तुमच्या प्रशिक्षकांना विचारा: आठवड्यात किती हेडर? स्पारिंग किती वेळा? कबड्डीच्या सरावात डोकी आपटली तर मुलाला कोण बाहेर बसवते?

५. मार बसला की तारीख एका वहीत लिहून ठेवा. वीस वर्षांनी एखाद्या डॉक्टरला ती वही एमआरआयपेक्षा जास्त सांगेल.

मुलांना मैदानावर जरूर पाठवा, धावू द्या, पडू द्या, गुडघे फुटू द्या. गुडघा भरून येतो. डोके मात्र जपा, कारण उद्याचा स्वभाव त्यातच घडत असतो.