हकीमाशेजारची सहा घरं

माझ्या कपाटात एक फुलस्केप वही आहे. अक्षर माझं नाही. दर पानावर डावीकडं फेरीचा आकडा, मग दोन्ही बाजूंचं सोनं, मग कुणाच्या हाती किती गावं, आणि शेवटच्या रकान्यात पेन्सिलीच्या फुल्या. आज मी पुण्यात खेळांची आखणी करून पोट भरतो, आणि त्या कामातलं जे काही मला खरोखर येतं त्याची सुरुवात या फुल्यांपाशी आहे.

वही दादाची. कराडच्या हॉस्टेलवर तो माझा रूमपार्टनर होता. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, माण तालुक्यातल्या दुष्काळी पट्ट्यातला. त्याला कॉम्प्युटरवरच्या खेळांची जराही आवड नव्हती, हे आधीच सांगायला हवं, कारण ऋण तिथूनच सुरू होतं.

2015 च्या पावसाळ्यात आमच्या मजल्यावर 'बॅटल फॉर वेस्नॉथ' आला. डेव्हिड व्हाइट यांनी 2003 मध्ये सुरू केलेला हा खेळ फुकट मिळतो, आणि त्याच्या फाइली कुणालाही उघडून बदलता येतात. सैनिकाची ताकद, चाल, किंमत, सगळं साध्या ओळींत लिहिलेलं. षट्कोनी घरांचा पट, पाळीपाळीनं चाल, आणि सहा फेऱ्यांचा एक दिवस: पहाट, सकाळ, दुपार, सांज, रात्रीचे दोन प्रहर. उजेडातली फौज दिवसा पंचवीस टक्के जोरात मारते, अंधारातली रात्री.

त्या वेळच्या 1.12 आवृत्तीत 'खलिफेट' नावाचा एक नवा पक्ष होता. जुंदी, रामी, खय्याल, नफ्फात, हकीम. मला ही नावं फार आवडली आणि मी त्यांच्या बाजूनं खेळायला लागलो. हरायलाही लागलो. समोर ऑर्कांचा पक्ष असला तर नक्कीच. ऑर्कांचा साधा ग्रंट बारा सोन्याला मिळतो, रात्री तो अंगावर येतो, आणि मागून त्यांचा असॅसिन विषारी सुऱ्या फेकतो. आमच्या मजल्यावर खलिफेट कुणी घेईना. मी ठरवलं, हा पक्ष आपण नीट करायचा.

पहिला उपाय कुणालाही सुचेल तोच केला. प्रत्येकाची ताकद वाढवली, घाव जड केले. समोर खेळायला कुणीतरी हवं होतं म्हणून दादाला बसवलं. त्यानं ऑर्क घेतले. चार संध्याकाळी मी सलग जिंकलो. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "आता तुजी मानसं बी ऑर्कच झाली की रं. निस्ती नावं येगळी."

मला राग आला. पण तो खरं बोलत होता. आकडे वाढवून मी खलिफेट सुधारला नव्हता, पुसून टाकला होता. मी सगळे आकडे परत मूळचे केले.

मग दादानं वही काढली. त्याला नोंदी ठेवायची सवय होती. 2012-13 च्या दुष्काळात त्यांची जनावरं चारा छावणीत होती आणि तिथल्या दावणींचा हिशेब तो लिहायचा. आम्ही 'द फ्रीलँड्स' या एकाच नकाशावर खेळायचो. त्यानं नकाशा कागदावर उतरवला आणि माझा सैनिक जिथं पडेल तिथं फुली मारायला सुरुवात केली. दिवाळीपर्यंत 63 डाव झाले. त्याचा एक विषय राहिलेला होता, त्याचा अभ्यास तो मी झोपल्यावर करायचा. हे मला तेव्हा दिसत होतं, तरी मी रोज संध्याकाळी त्याला हाक मारत होतो.

एका रात्री त्यानं नकाशा माझ्यापुढं ठेवला. फुल्या जिथं लढाई व्हायची तिथं फारशा नव्हत्याच. त्या मागं, गावं आणि आघाडी यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यात दाटल्या होत्या.

"तुजी मानसं लढताना न्हाई मरत," तो म्हणाला. "घरी जाताना मरत्यात."

त्यामागचं गणित मग उलगडत गेलं. विष फेरीला सैनिकाच्या ताकदीचे आठ बिंदू खातं. ते जीव घेत नाही, पण एकावर आणून सोडतं. गावात पोचलात तर उतरतं. म्हणजे विषबाधा झालेल्याला मागं वळावंच लागतं, आणि या खेळात शत्रूच्या शेजारच्या घरात पाऊल पडलं की चाल तिथंच संपते. दोन ग्रंट मागं उभे राहिले की परतीची वाट बंद. उजेडात जिंकलेलं मी सांजेला माघारी येताना गमावत होतो. दादा एवढंच म्हणाला की छावणीत आलेलं जनावर सहसा जगतं, मरतं ते छावणीपर्यंत चालत येताना. त्यांची एक म्हैस तशी गेली होती. पुढं तो त्याविषयी काही बोलला नाही.

मी एकाच गोष्टीला हात लावला. हकीमाला एक नवा गुण दिला: त्याच्या शेजारच्या सहा घरांतून जाताना आपल्या माणसाला शत्रूची अडवणूक लागू होत नाही. बदल्यात त्याचा वार हलका केला आणि किंमत दोन सोन्यानं वाढवली. कुणाचा घाव जड झाला नाही, कुणाची ताकद वाढली नाही. पण आता हकीम कुठं उभा करायचा यावर अख्खा डाव फिरायला लागला. खलिफेट दुपारपर्यंत भिडायचा, सांजेला हकीमाच्या कडेनं सरकत मागं यायचा, पहाटे पुन्हा पुढं. मजल्यावरची पोरं हा पक्ष मागून घ्यायला लागली. हरणारेही पुन्हा खेळू म्हणायचे, आणि मला त्याचंच जास्त अप्रूप होतं.

तेच काम मी मिनी प्रोजेक्ट म्हणून दिलं. ऋणनिर्देशाच्या पानावर गाइड होते, विभागप्रमुख होते, आईवडील होते. दादाचं नाव मी घातलं नाही. तो आमच्या गटात नव्हता, एवढं कारण मला तेव्हा पुरलं. त्यानं अहवाल चाळला, बाइंडिंग चांगलं झालंय म्हणाला, आणि जाताना वही माझ्या टेबलावर ठेवली.

पुढं मूळ खेळातही तो पक्ष बदलला, 'ड्यूनफोक' झाला, अरबी नावं गेली. माझी जुनी फाइल मात्र माझ्यापाशी राहिली. नोकरीत कुठलाही दुबळा पक्ष समोर आला की मी आकड्यांना हात लावण्याआधी फुल्या मारतो. सहकाऱ्यांना वाटतं ही माझी पद्धत आहे. दर वेळी सांगतो, माझी नाही.

गेल्या महिन्यात त्याला फोन केला. तो गावी असतो, डाळिंबाची बाग बघतो. म्हटलं, फाइलमध्ये कर्त्याची ओळ असते, तिथं तुझं नाव घालू का? मागंच घालायला हवं होतं. बराच वेळ पलीकडं फक्त मोटारीचा आवाज येत होता.

"त्या हकीमाचं दोन सोनं वाढवलंवतंस," तो म्हणाला. "ते जास्तच हुतं. एक कमी कर, मग घाल."

रात्री वही काढून बसलो. शेवटच्या अकरा डावांत हकीम तिसऱ्या फेरीनंतरच विकत घेतला गेला होता. आधी सोनं पुरतच नव्हतं. मी एक कमी केलं, आणि खालच्या ओळीत त्याचं नाव लिहिलं.