दोन अंगठे

प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर उजव्या हाताला चार बटणं असतात. खाली फुली, उजवीकडे गोल, वर त्रिकोण, डावीकडे चौकोन. तेयू गोतो या जपानी डिझायनरनं ही चिन्हं ठरवली. डिसेंबर १९९४ मध्ये पहिला प्लेस्टेशन जपानी दुकानांत आला, तेव्हापासून ती आपापल्या जागा धरून आहेत. गोतोंच्या लेखी गोल म्हणजे होकार, फुली म्हणजे नकार, त्रिकोण म्हणजे पाहणाऱ्याची नजर आणि चौकोन म्हणजे कागद. आता होम प्लेटच्या मागे उभं राहून बेसबॉलच्या मैदानाकडे पाहा. पायाशी होम प्लेट, उजव्या हाताला पहिला बेस, समोर दूरवर दुसरा, डाव्या हाताला तिसरा. ‘एमएलबी द शो’ या खेळात क्षेत्ररक्षकानं चेंडू अडवला की गोल दाबून तो पहिल्या बेसकडे फेकायचा, त्रिकोणानं दुसऱ्याकडे, चौकोनानं तिसऱ्याकडे आणि फुलीनं थेट होम प्लेटवर. दोन बेसमधलं नव्वद फुटांचं अंतर अंगठ्याखाली बोटभरही उरत नाही. हे लक्षात आलं आणि खेळता येण्याच्या कितीतरी आधी हा खेळ मला आवडून गेला.

ही जुळणी जुनी आहे. १९८३ साली निन्तेन्डोचा फॅमिकॉम आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीला त्याच्यावर एक साधासुधा ‘बेसबॉल’ आला. त्या कंट्रोलरच्या डाव्या बाजूला गुनपेई योकोई यांची ती प्रसिद्ध अधिकच्या चिन्हासारखी कळ होती. तिची उजवी बाजू म्हणजे पहिला बेस, वरची दुसरा, डावी तिसरा, खालची होम. एक्सबॉक्सवर चिन्हांऐवजी अक्षरं आहेत, पण उजवीकडचं बटण तिथेही पहिल्याच बेसचं. यंत्रं बदलली, खेळणाऱ्यांच्या पिढ्या बदलल्या, अंगठ्याखालचा नकाशा तोच राहिला.

आम्ही सॅन दिएगोच्या उत्तरेला राहतो. ‘द शो’ बनवणारा स्टुडिओ याच शहरातला. घरात या खेळाची जाणकार माझी लेक. शाळेत ती सॉफ्टबॉल खेळते, आणि कंट्रोलर हातात घेतला की तिच्या बोटांना विचार करावा लागत नाही. मला शिकायचं होतं. तिच्या मॅचला मी बाकावर बसून टाळ्या वाजवायचे, पण नक्की कशासाठी वाजवतेय हे कळत नव्हतं, आणि ते मला मनापासून कळून घ्यायचं होतं. त्यात दादरहून बाबा आले होते, सहा महिन्यांसाठी. उभं आयुष्य शिवाजी पार्कच्या मैदानाशेजारी गेलेला माणूस. ते सोफ्याच्या कडेला बसून पडद्याकडे असे पाहायचे, जणू कुणाची तरी निवड करायची आहे.

फेकण्याचा नकाशा हाताला लवकर बसला. बॅटिंगनं वेळ घेतला, आणि खरी गंमत तिथेच आहे.

बॅटिंगला दोन अंगठे लागतात आणि दोघांची कामं वेगळी. डाव्या अंगठ्याखाली एक स्टिक असते. ती हलवली की स्ट्राइक झोनमध्ये, म्हणजे होम प्लेटवरच्या अदृश्य चौकटीत, एक खूण फिरते. बॅटचा भरीव भाग कुठे पोचणार ते ती दाखवते. उजवा अंगठा फटका मारतो. फुलीनं नेहमीचा फटका, गोल दाबला तर चेंडूला बॅट लागण्याची शक्यता जास्त पण जोर कमी, चौकोन दाबला तर जोर भरपूर आणि डावीकडची ती खूण मात्र आक्रसलेली. म्हणजे कुठे मारायचं ते डाव्याकडे, केव्हा मारायचं ते उजव्याकडे. खऱ्या बॅटरच्या अंगात या दोन गोष्टी कधी सुट्या होत नाहीत. कंबर वळते, मनगटं फिरतात, सगळं एकाच लयीत. कंट्रोलर त्या लयीची फाळणी करतो आणि तुम्हाला सांगतो, घे, आता जोड. मी तासन्‌तास तेवढंच जोडत बसायचे. प्रत्येक फटक्यानंतर पडद्यावर निकाल यायचा: फार लवकर, जरा लवकर, बरोबर, जरा उशिरा. इतकं स्पष्ट आणि इतकं तत्परतेनं सांगणारा गुरू मला संगीताच्या क्लासातही मिळाला नव्हता.

मध्यंतरी सगळेच फटके उशिरा पडू लागले, अगदी लेकीचेसुद्धा. मग तिनं टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ चालू केला. चित्र अधिक देखणं करण्याच्या खटपटीत टीव्ही ते क्षणभर उशिरानं दाखवतो. गेम मोडमध्ये तो ही खटपट सोडतो. तो क्षणभर किती मोलाचा असतो ते बेसबॉलच्या हिशेबात पाहायला हवं. चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या पायाखालच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचं अंतर साठ फूट सहा इंच, १८९३ पासून आजतागायत. ताशी दीडशे किलोमीटरचा फास्टबॉल ते साधारण ०.४ सेकंदात कापतो. त्यातला बराचसा वेळ बॅट फिरवण्यातच जातो. उरलेल्या वेळात चेंडू पाहायचा, ओळखायचा आणि ठरवायचं.

आणि टप्पा नाही! क्रिकेटवर वाढलेल्या डोळ्यांना हे पचायला फार जड जातं. आपल्याला चेंडू जमिनीकडून काहीतरी सांगतो. टप्पा पडला, वळला, उसळला, आता काय ते बघ. बेसबॉलमध्ये सगळी फसवणूक हवेतच उरकायची असते. स्लायडर निघतो तेव्हा अगदी फास्टबॉलसारखा दिसतो आणि शेवटच्या काही फुटांत बाजूला सरकतो. चेंजअपला हात तितक्याच वेगानं येतो, चेंडू मात्र रेंगाळतो. मुरलेले बॅटर सांगतात की स्लायडर फिरत येताना त्याच्या शिवणीचा एक लाल ठिपका दिसतो. पडद्यावर मला तो ठिपका अजून दिसलेला नाही, पण चेंडू हातातून सुटतानाचा कोन आता कळू लागला आहे.

पिचिंगच्या अनेक पद्धती या खेळात आहेत. साधी म्हणजे बटण दाबा आणि सोडून द्या. लेकीनं मला थेट ‘पिनपॉइंट’ शिकवली, २०२१ च्या आवृत्तीत आलेली. हिच्यात चेंडूचा प्रकार आणि जागा निवडली की पडद्यावर एक आकृती उमटते आणि ती उजव्या स्टिकनं गिरवायची असते, नेमक्या वेगानं, नेमक्या क्षणी संपवत. फास्टबॉलची आकृती सरळ असते, कर्व्हबॉलला वळसा लागतो. आजी बोट न उचलता रांगोळीची रेघ ओढायची तसं हे काम आहे: मध्ये थबकलात की रेघ जाड होते, घाई केलीत की तुटते. हाताला ते अनोळखी वाटलं नाही. बॅटिंगपेक्षा पिचिंग मला आधी जमलं ते बहुधा म्हणूनच.

पण बाबांचं लक्ष बॅटिंगवर. एका संध्याकाळी ते म्हणाले, “अगं, तू प्रत्येक चेंडूवर जातेस. बाहेरचा आहे तो, सोड की.”

“आजोबा, सोडला आणि तो झोनमध्ये असला तर स्ट्राइक देतात,” लेक म्हणाली. “तीन झाले की आऊट.”

“आणि बाहेरचा असला तर?”

“तर बॉल. चार बॉल झाले की चालत पहिल्या बेसवर.”

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे सोडायलाही हिंमत लागते इथे.”

मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या बॅटरला चेंडू सोडणं शिकवावं लागत नाही; ते त्याच्या अंगात असतं. ऑफ स्टंपच्या बाहेर जाणारा चेंडू गावसकर ज्या ठामपणानं सोडून द्यायचे, तो ठामपणा पाहायला बाबा तिकीट काढून जायचे, असं ते स्वतःच सांगतात. क्रिकेटमध्ये नीट पारखून सोडलेल्या चेंडूची किंमत मोजावी लागत नाही, दिवसभर सोडत राहिलात तरी. बेसबॉलमध्ये प्रत्येक सोडलेल्या चेंडूचा न्याय होतो. सतरा इंच रुंद प्लेट आणि गुडघ्यापासून साधारण छातीपर्यंतची उंची, एवढ्या अदृश्य चौकटीतून चेंडू गेला की नाही यावर. तरी दोन्ही खेळांतलं ते धैर्य एकाच जातीचं आहे, आणि बाबांनी ते नियम कळायच्या आधी ओळखलं.

मग मला उमगलं की कंट्रोलरवर या गोष्टीसाठी बटणच नाही. कुठे आहे, केव्हा आहे. मारायचं की नाही, हे कुठल्याच अंगठ्याकडे सोपवलेलं नाही. सगळा सराव अंगठा खाली आणण्याचा, आणि खेळाचं निम्मं मर्म अंगठा वरच ठेवण्यात. लेकीनं त्यासाठी मला एक वेगळाच रियाज दिला. सराव मोडमध्ये जायचं, पिचर चेंडू टाकत राहील, आपण काहीच दाबायचं नाही. फक्त मोठ्यानं बोलायचं, “आत” किंवा “बाहेर”. बाबाही बोलायचे. सुरुवातीला त्यांचंच जास्त बरोबर यायचं.

माझ्या ऑफिसच्या वाटेवरचा ५६ नंबरचा रस्ता. त्याचं नाव टेड विल्यम्स फ्रीवे. इतकी वर्षं ते नाव माझ्यासाठी हिरव्या पाटीवरची पांढरी अक्षरं होतं. टेड विल्यम्स १९१८ मध्ये याच शहरात जन्मला, नॉर्थ पार्क भागात वाढला, सगळी कारकीर्द बॉस्टन रेड सॉक्सकडून खेळला. १९४१ मध्ये त्याची सरासरी .४०६ होती, म्हणजे दर दहा प्रयत्नांत चारहून अधिक यशस्वी फटके. १९७० मध्ये त्यानं ‘द सायन्स ऑफ हिटिंग’ हे पुस्तक काढलं, आणि त्यातलं एक चित्र पाहून मी थक्क झाले. स्ट्राइक झोनमध्ये त्यानं सत्त्याहत्तर चेंडू मांडले आहेत, सात आडवे, अकरा उभे. प्रत्येक जागी त्या जागेवरच्या चेंडूवर आपली सरासरी किती पडेल ते लिहिलं आहे. मधोमध .४००, खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात .२३०. माझा डावा अंगठा पडद्यावर जी चौकट चाचपडत असतो, ती या माणसानं कुठल्याही कंट्रोलरच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी मोजून ठेवली होती. त्याच्या शिकवणुकीत पहिला क्रमांक चांगला चेंडू येईपर्यंत वाट पाहण्याला. तो २००० हून अधिक वेळा नुसता चालत पहिल्या बेसवर गेला. बेसवर पोचण्याचं त्याचं .४८२ हे प्रमाण आजही सगळ्यांच्या वर आहे. आता त्या पाटीखालून जाताना मी ते नाव वाचते.

‘द शो’च्या २०२३ च्या आवृत्तीत ‘स्टोरीलाइन्स’ नावाचा भाग आला. कृष्णवर्णीयांना मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉलची, दारं बंद होती, त्या काळातल्या नीग्रो लीग्सच्या कथा त्यात आहेत, आणि त्या कॅन्सस सिटीच्या नीग्रो लीग्स बेसबॉल म्युझियमचे अध्यक्ष बॉब केंड्रिक सांगतात. काय सांगतात! त्यांच्या आवाजात इतकी माया आहे की बाबांना इंग्रजीचा तो हेल पुरता कळत नव्हता, तरी ते “पुन्हा लाव” म्हणायचे. त्यात सॅचेल पेज आहे. पाय टाकून झाल्यावरही हात मागेच रोखून धरणारा, बॅटरला वेळेच्या आधी फसवणारा पिचर. मेजर लीगमध्ये त्याला पाऊल ठेवायला मिळालं ते १९४८ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी. ती दारं उघडणारा जॅकी रॉबिन्सन त्याच्या आदल्या वर्षी, १५ एप्रिल १९४७ ला, ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला होता.

इथे टेड विल्यम्स पुन्हा भेटतो. १९६६ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. स्वतःच्या गौरवाच्या त्या भाषणात त्यानं सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांची नावं घेतली आणि नीग्रो लीग्सच्या थोर खेळाडूंनाही इथे जागा मिळावी असं सांगितलं. त्यांना संधीच दिली गेली नव्हती, म्हणून ते इथे नाहीत, हे त्यानं सर्वांदेखत बोलून दाखवलं. पेज १९७१ मध्ये आत आला, गिब्सन १९७२ मध्ये. २०२४ मध्ये मेजर लीगनं नीग्रो लीग्सचे आकडे आपल्या नोंदींत मिळवून घेतले, आणि गिब्सनची १९४३ ची .४६६ ही सरासरी विल्यम्सच्या .४०६ च्या वर जाऊन बसली. विल्यम्स तेव्हा हयात नव्हता. त्याला हे आवडलं असतं असं मला त्या भाषणावरून वाटतं. एका फ्रीवेला त्याचं नाव आहे ते त्याच्या बॅटिंगमुळे. माझ्या मनात मात्र ते भाषण त्याच्या बॅटिंगशेजारीच बसलं आहे.

बाबा परत जायच्या आधीच्या रविवारी आम्ही तिघं खेळत होतो. माझी बॅटिंग. तीन बॉल, दोन स्ट्राइक. आता पुढचा चेंडू सोडला आणि आत असला तर संपलं. पिचरचा हात आला. चेंडू आत येणारा वाटला, अंगठा फुलीला टेकला, आणि त्या सुटण्याच्या कोनात काहीतरी ओळखीचं दिसलं.

“बाहेर,” बाबा म्हणाले, माझ्याबरोबरच.

स्लायडर खाली आणि बाहेर सरकत कॅचरच्या हातमोज्यात गेला. बॉल चार. पडद्यावरचा माझा बॅटर बॅट टाकून शांतपणे पहिल्या बेसकडे निघाला.

“आई, आता चोरी,” लेक लगेच म्हणाली. “दुसरा बेस. वरच्या कडेची बटणं, तर्जनीनं.”

“चोरी?” बाबा सरसावून बसले. “नियमात बसते?”

“हो आजोबा! रॉबिन्सननं १९५५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजसमोर होम प्लेटच चोरली होती.”

“मग बघत काय बसलीस, शिकव तिला.”